कार्पेटखालची गाडी

दिवाळी आटोपली की दोंडाईच्यात लाल मिरचीची आवक वाढू लागते. मोकळ्या जागांवर पथाऱ्या पडतात, रस्त्याने जाताना नाकाला ठसका लागतो आणि पुढे कित्येक महिने इथल्या गाड्यांना उसंत नसते. ट्रक-टेम्पो तर असतातच, पण घरची मोटारही त्यातून सुटत नाही. मागची सीट पाडून त्यात मिरचीची पोती येतात, शेतातलं धान्य येतं, सरकीची ढेप येते, फवारणीचा पंप येतो. त्याच गाडीतून मंडळी दुसऱ्या दिवशी धुळ्याला दवाखान्यात जातात, शहाद्याला लग्नाला जातात. पावसाळ्यात यात काळ्या मातीची भर पडते. ती बुटाला एकदा धरली की सोडत नाही, आणि जी सुटते ती गाडीतच.

आपल्याकडे गाडीची निगा म्हणजे बाहेरून धुणं, काचा पुसणं आणि सीटकव्हर बदलणं. पायाखालच्या कार्पेटकडे कुणाचं लक्ष जात नाही. आत वास यायला लागला की उदबत्तीच्या सुवासाची बाटली डॅशबोर्डवर येते. तरीही वास राहिला तर गाडी सीटकव्हरच्या दुकानात जाते आणि तिथे मॅटिंग मारून मिळतं. मॅटिंग म्हणजे मूळ कार्पेट आहे तसंच ठेवून त्यावर रेक्झिनचा जाड थर अंथरायचा, कडा सील पट्ट्यांखाली खोचायच्या. सकाळी गाडी दिली की संध्याकाळी परत. आत बसलं की सगळं नवं, गुळगुळीत, फडक्याने पुसता येईल असं दिसतं. मात्र खाली जी ओल होती ती तिथेच राहते, वर आता प्लास्टिकचं झाकण बसलेलं असतं. यात दुकानदाराचा दोष नाही. गिऱ्हाईक जे मागतं ते तो देतो, आणि गिऱ्हाईकाला संध्याकाळी गाडी हवी असते.

मला हे काम घरी करण्यासारखं वाटतं ते याच कारणाने. पैसे वाचतात हा भाग आहेच, पण तो दुय्यम. खरी गोष्ट अशी की कार्पेट बदलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा म्हणजे वाट पाहणं. पाणी कुठून येतंय ते शोधायचं, ते बंद झालं याची खात्री करायची, पत्रा खडखडीत वाळू द्यायचा. एवढा वेळ दुकानदार देऊ शकत नाही, कारण त्याच्या दारात पुढची गाडी उभी असते. मालकाकडे तो वेळ असतो. आणि खानदेशात राहणाऱ्याकडे त्याहून मोठी गोष्ट असते, ती म्हणजे एप्रिल-मेचं ऊन.

आता कार्पेट म्हणतो ते नेमकं काय, हे आधी पाहू. गाडीच्या तळाचा पत्रा असतो. त्यावर जागोजाग डांबरी शीटचे तुकडे चिकटवलेले असतात, पत्र्याचा थरथराट दाबण्यासाठी. त्यावर नमदा, म्हणजे चिंध्या पिंजून दाबून केलेला राखाडी, जाड थर. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा धागा आणि नमदा करण्याचा आपल्या देशातला मोठा धंदा पानिपतला आहे. एखाद्याचा फाटका स्वेटर कापडाचं आयुष्य संपवून मोटारीच्या पायाखाली येतो, तो असा. आणि सगळ्यात वर जे आपल्याला दिसतं ते कार्पेट. ते विणलेलं नसतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा थर घेऊन त्यात बारीक खाचा असलेल्या हजारो सुया वरखाली मारतात, तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड तयार होतं. मग ते भट्टीत गरम करून साच्यात दाबतात, म्हणून मधला गिअरचा उंचवटा, पाय ठेवण्याचे खड्डे, हे सगळे आकार त्यात कायमचे उतरतात. लग्नाच्या मांडवात वाटेवर अंथरलेलं लाल-हिरवं कार्पेट असतं ना, ते याच जातीचं, फक्त पातळ आणि साच्यात न घातलेलं.

जुन्या अँबॅसिडर आणि फियाटमध्ये पायाखाली बहुधा रबराची मॅट असायची. उचलली की खाली सरळ पत्रा दिसे. ड्रायव्हर ती रोज सकाळी काढून झटकत असत, त्यामुळे त्या गाडीचा तळ मालकाच्या रोजच्या ओळखीचा होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मोटार मध्यमवर्गीयांच्या अंगणात आली, तशी आतली सजावट वाढत गेली. आज साध्यातल्या साध्या गाडीलाही या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड कार्पेट असतं. आवाज कमी झाला, पायाखालची धग कमी झाली. पण त्याचबरोबर पत्रा नजरेआड गेला आणि गाडी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत तो कुणी पाहतच नाही.

आमच्या घरची छोटी गाडी सुरतेहून आली. जीजे ०५ पासिंगची होती, पुढे ती एमएच १८ झाली. दोंडाईचा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव, त्यामुळे कापडापासून जुन्या गाडीपर्यंत सुरतेशी आमचा व्यवहार रोजचा. पावसाळ्यात तिच्यात कुबट वास यायचा आणि डावीकडच्या पुढच्या सीटवर बसणाऱ्याचे मोजे दमट व्हायचे. वर मॅटिंग होतंच. सुरतेची गाडी आणि खाली ओल, असं म्हटल्यावर जाणत्या माणसाच्या मनात पहिली शंका येते ती पुराची. ऑगस्ट २००६ मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. तीच तापी, जी आमच्या सारंगखेड्याच्या आणि प्रकाश्याच्या पुलांखालून पुढे तिकडे जाते. अशा प्रत्येक पुरानंतर, मग तो २६ जुलै २००५ चा मुंबईचा असो, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा की २०२१ चा चिपळूणचा, बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून लांबच्या जिल्ह्यांत विकायला निघतात.

शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक अण्णा राहतात. नवीन कार्पेट आणायची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी हातानेच थांबवलं. "हाई पानी कथाइन उनं, ते पहिले दखा," म्हणाले. म्हणजे हे पाणी कुठून आलं, ते आधी बघा. या एका वाक्यात सगळं काम आलं.

गाडीत पाणी शिरायच्या वाटा तशा मोजक्याच. पावसाचं पाणी पुढच्या काचेच्या रबरातून येतं, किंवा वायपरखालच्या पन्हळीत कचरा साठून तिथून आत उतरतं. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी ही पन्हळ आधी पाहावी. निंबाची बारीक पानं तिथे कुजून बोळा होतो. दरवाज्याच्या आत, फोमच्या पॅनेलमागे, एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडला गेला तर काचेवरून दारात उतरलेलं पाणी बाहेर न जाता आत येतं. तळाच्या पत्र्याला रबरी बुचं असतात, त्यातलं एखादं निघालेलं असलं तर चाकाने उडवलेलं पाणी खालून वर येतं. दुसरी वाट हीटरची. इंजिनातलं कूलंट डॅशबोर्डखालच्या बारक्या रेडिएटरमधून फिरतं. तो गळला तर पाणी रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं. ते विषारी असतं, तेव्हा हात धुवायचे आणि गाडी मेकॅनिककडे न्यायची. तिसरी वाट एसीची. हवा थंड होताना तिच्यातलं बाष्प पाणी होऊन गळतं आणि एका नळीतून गाडीखाली पडतं. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की हे पाणी थोडंच निघतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याची धार लागते. म्हणून एसीची गळतीसुद्धा पावसाळ्यातच उघडी पडते आणि लोक पावसाला दोष देतात.

आमच्या गाडीत ओल फक्त डाव्या बाजूला पुढे होती. पाणी स्वच्छ होतं, त्याला कूलंटचा गोडसर वास नव्हता. पुराच्या पाण्याने असं होत नाही. ते गाळ सोडून जातं, आणि तो गाळ सीटच्या रुळांच्या खोबणीत, सीटबेल्टच्या तळाशी, तारांच्या जुडग्यात वर्षानुवर्षं राहतो. तिथलं सगळं कोरं निघालं तेव्हा जीव भांड्यात पडला. मग दमट दिवशी गाडी उभी करून एसी चालू ठेवला आणि खाली वाकून पाहिलं. जमिनीवर पाण्याचा थेंब नाही. म्हणजे नळी तुंबलेली. आपल्याकडच्या बहुतेक उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत एसीचा थंड भाग डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो, त्यामुळे नळी तुंबली की पहिलं पाणी डाव्या सीटच्या पायाशी येतं. नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. ते खरवडलं, मऊ तार हलकेच फिरवली आणि आत साठलेलं पाणी अंगणात भळभळलं. एवढ्याशा मातीच्या गोळ्याने कित्येक पावसाळे तो पत्रा भिजत ठेवला होता.

कार्पेट काढायचं काम दिसतं त्यापेक्षा सोपं आहे, पण क्रम पाळावा लागतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि काही मिनिटं थांबायचं. हे थांबणं एअरबॅगसाठी, कारण तिच्या सर्किटमध्ये वीज काही काळ धरून राहते. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग आणि सीटबेल्टचा इशारा सक्तीचा झाला, त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत सीटखाली तारा असतातच. पिवळ्या वेष्टणाची तार एअरबॅगची. सीट बाहेर काढताना तिचा जोड सोडवावाच लागणार असेल आणि कसा ते ठाऊक नसेल, तर तेवढ्यापुरता माहीतगार माणूस बोलवावा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी तारा दिसल्या तर त्यांना हात लावू नये.

पुढच्या प्रत्येक सीटला चार बोल्ट असतात. सीट मागे सरकवून पुढचे दोन, पुढे सरकवून मागचे दोन. बऱ्याच छोट्या गाड्यांत १४ ची गोटी चालते. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं की सकाळी तो कुरकुरत का होईना, फिरतो. जोर लावून मान तोडण्यापेक्षा हे बरं. मग दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या, गिअरभोवतीचं कव्हर, हँडब्रेकचं कव्हर. यांच्या क्लिपा उन्हात तापलेल्या असल्या तर लवचिक असतात, गारठ्यात कडकन तुटतात. मागच्या सीटची बैठक बहुधा वर ओढली की निघते. प्रत्येक बोल्ट कुठला, हे कागदावर लिहून त्या कागदातच त्याची पुडी बांधावी. सगळं निघाल्यावर कार्पेट एका कडेने गुंडाळत दारातून बाहेर घ्यायचं. एकट्याने नाही, दोघांनी. भिजलेला नमदा चांगलाच जड असतो.

आमच्या गाडीचा नमदा उचलला तेव्हा तो मध्येच फाटला आणि त्यातून तपकिरी पाणी ओघळलं. वरून हाताला नुसता दमट लागणारा थर आतून चिंब होता. त्याच्या तंतूंत मिरचीचं पिवळसर बी रुतलेलं होतं, चपटं आणि गोल, चिमटीने वेचावं असं. मिरचीची पूड इतकी बसली होती की ब्रश फिरवताच सगळ्यांना शिंका लागल्या. ज्यांच्या गाडीतून मिरची जाते त्यांनी तोंडाला फडकं बांधल्याशिवाय हे काम करू नये. खालच्या पत्र्यावर डांबरी शीटच्या कडेने गंजाची रेघ होती. बोटाने दाबली तर पापुद्रा सुटला, पण आतला पत्रा शाबूत होता.

इथे थांबायचं असतं. मिरचीच्या व्यापाऱ्याला विचारा, दमट माल पोत्यात भरला तर काय होतं. ओलावा दहा-अकरा टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय जाणता माणूस पोतं शिवत नाही, कारण बुरशी वरून दिसत नाही, आतून माल खाते. गाडीच्या पत्र्याचंही तसंच आहे. चारही दारं उघडी, बुचं काढलेली, आणि वर खानदेशचं ऊन. पत्र्याच्या घड्यांत, उंबऱ्याच्या पोकळीत ओल दडून राहते. ती जायला दिवस लागतात आणि ते द्यावेत.

मग गंज. तारेचा ब्रश, नंतर पॉलिश पेपर, पत्रा चकाकेपर्यंत. वर रेड ऑक्साइड प्रायमर आणि रंग. टोच्याने टोचून पाहावं. टोचा आरपार गेला तर तिथे पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने लावायला हवा. आणि ती जागा सीटच्या किंवा सीटबेल्टच्या बोल्टजवळ असेल तर तिथे घरगुती इलाज अजिबात नको. अपघातात माणसाचं सगळं वजन त्या बोल्टवर येतं. वेल्डिंग करताना आजूबाजूचं डांबर आणि नमदा पेटू शकतो, म्हणून तेही आधी काढलेलं असावं.

नवीन कार्पेट दोन प्रकारे मिळतं. मॉडेलप्रमाणे साच्यातलं तयार कार्पेट कंपनीच्या स्पेअरमधून किंवा जुन्या गाड्या मोडणाऱ्यांकडून मिळू शकतं. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड यासाठी प्रसिद्ध आहे. दुसरा मार्ग म्हणजे ताग्यातून कापून घेणं. छोट्या गाडीला दोन मीटर पन्ह्याचा अडीच मीटर तुकडा सहसा पुरतो. तागा घेताना एक कसोटी मी सगळ्यांना सांगतो. बोटभर तुकडा कापून मोकळ्या जागी, चिमट्यात धरून काडी लावून पाहा. भडकन पेटून धावत सुटला तर तो मांडवात राहू दे, गाडीत नको. अमेरिकेत गाडीच्या आतलं कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळू नये असा नियम १९७२ पासून आहे, आणि आपल्याकडेही त्यासाठी भारतीय मानक आहे. मांडवासाठी विकल्या जाणाऱ्या कार्पेटने ती कसोटी दिलेली असेलच असं नाही.

जुनं कार्पेट फेकायचं नाही, तोच आपला नमुना. नव्या कापडावर पालथं घालून खडूने आखायचं आणि कडेने चार बोटं जास्त ठेवून कापायचं. कापण्याआधी नवं कापड तासभर उन्हात पसरावं. ताग्यातली घडी जाते, कापड मऊ पडतं आणि गिअरच्या उंचवट्यावर हाताने दाबलं की बसतं. सुरुवात मधल्या उंचवट्यापासून करायची आणि दोन्ही बाजूंना दाबत जायचं. कडेपासून केली तर मध्ये फुगा येतो. कोपऱ्यात चुणी पडते तिथे सीटखाली लपेल अशी चीर द्यायची. बोल्टची भोकं ड्रिलने पाडायची नाहीत. कार्पेटचे धागे ड्रिलला गुंडाळतात आणि सगळं कापड ओढून घेतात. टोच्याने जागा शोधून ब्लेडने फुलीसारखी चीर द्यावी. चिकटवायला दुकानातले कारागीर रबरी सोल्युशन वापरतात. ते दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मग दाबायचं, दारं उघडी ठेवून आणि आसपास विडी-काडी न ठेवता. पण ते फक्त उंचवट्यावर आणि पुढच्या उभ्या भिंतीवर. पायाशी कधीच नाही. पुढेमागे पाणी आलंच तर हात घालून पाहता आलं पाहिजे.

नमदाही सरसकट घालू नये असं माझं मत झालं आहे. पायाच्या खोलगट भागात, जिथे पाणी साठतं, तिथे बंद पेशींचा फोम बरा. तो पाणी पीत नाही. उंचवट्यावर, जिथे इंजिनाची आणि सायलेन्सरची धग लागते, तिथे नमदा चांगला.

कडा शिवून घ्यायचं काम मात्र सीटकव्हरवाल्याकडेच द्यावं. पायपिंगची ती एकसारखी शिलाई घरच्या मशीनवर येत नाही, जाड कापडाने सुई मोडते. आमच्या इथल्या कारागिराने कडा मारता मारता ड्रायव्हरच्या बाजूचा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि टाचेखाली रेक्झिनचा जोड तुकडा स्वतःहून शिवून दिला. सगळ्यात आधी कार्पेट फाटतं ते तिथेच, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक.

सीट बसवण्याआधीची शेवटची तपासणी पेडलची. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट घातलेली होती. ती ॲक्सिलरेटरमध्ये अडकली, गाडी थांबेना, आणि आतल्या चौघांचा जीव गेला. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या मॅटच्या कारणाने परत बोलावल्या. पायाखालचं एक सैल फडकं किती महाग पडू शकतं, याचं याहून वेगळं उदाहरण द्यायला नको. म्हणून तिन्ही पेडल हाताने तळापर्यंत दाबून पाहावीत. सोडल्यावर ती अडखळता कामा नयेत. वर जाड सैल मॅट टाकायची असेल तर ती खुंटीला अडकवलेली हवी, आणि मॅटवर मॅट तर कधीच नाही. सीटचे आणि बेल्टचे बोल्ट मेकॅनिककडच्या टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाला आवळून घ्यावेत. बॅटरी जोडल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे.

या सगळ्यात एक अडचण उरते, आणि ती प्रामाणिक माणसाची अडचण आहे. जुन्या गाडीत नवं कोरं कार्पेट दिसलं की जाणत्या गिऱ्हाइकाला संशय येतो, आणि येणं रास्तच आहे, कारण बुडालेली गाडी विकणाराही पहिल्यांदा कार्पेटच बदलतो. म्हणून काम चालू असताना फोटो काढावेत. ओला नमदा, उघडा पत्रा, गंजाची रेघ, तीच जागा घासल्यावर, तीच प्रायमर मारल्यावर, तुंबलेली नळी आणि मोकळी झाल्यावर खाली पडणारं पाणी. आमच्या गाडीचे हे फोटो छापून आरसी आणि विम्याच्या कागदांसोबत एकाच पाकिटात ठेवले आहेत, मिरचीच्या बियांसकट दिसणाऱ्या त्या फाटक्या नमद्याचाही. उद्या गाडी विकायची झाली तर किंमत बोलायच्या आधी ते पाकीट समोर ठेवायचं, आणि ज्याला हवं त्याला डाव्या सीटच्या पायाशी कार्पेट उचलून पाहू द्यायचं. ती कड त्यासाठीच चिकटवलेली नाही.